तेलाचा डबा पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा? द्रवाचे वजन आणि माप यांचा हिशेब

रानजाई (धागाकर्ती):

नमस्कार. आम्ही बारा जणी मिळून दरवर्षी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतो. चकली, शेव, चिवडा आणि करंजी हे सगळेच तळणाचे पदार्थ असल्यामुळे आमच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा तेलाचा असतो, आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. गेल्या दिवाळीत त्या वहीत माझ्या हातून एक चूक झाली. ती का झाली हे समजून घेताना जे हाती आले ते इथे मांडते आहे, कारण हीच चूक आपल्यापैकी अनेकांच्या घरखर्चात नकळत होत असावी, असे मला मनापासून वाटते.

दोन दुकानांतून सोयाबीन तेलाच्या डब्याचे दर मागवले होते. एका दुकानदाराने २,२५० रुपये सांगितले, दुसऱ्याने २,१०० रुपये. दोघांनीही 'पंधराचा डबा' एवढेच शब्द वापरले आणि मीही पुढे काही विचारले नाही. डब्यामागे दीडशे रुपये वाचतात म्हणून आम्ही दुसऱ्याकडून सहा डबे आणले. चौथ्या दिवशी शेवेचा घाणा कढईत असतानाच लक्षात आले, की तेल अंदाजापेक्षा भराभर संपते आहे. एक न फोडलेला डबा काट्यावर ठेवला, रिकाम्या डब्याचे वजन वजा केले, तेव्हा आत साडेतेरा किलोपेक्षा थोडेच अधिक तेल निघाले. डबा फिरवून पाहिला तर एका कोपऱ्यात छापलेले होते: १५ लिटर. दुकानदाराने फसवले नव्हते. त्याने लिटरचा दर सांगितला होता आणि मी तो किलोचा समजून वहीत लिहिला होता.

खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. एका लिटर तेलाचे वजन सर्वसाधारण तापमानाला सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात १५ × ०.९१ = १३.६५ किलो तेल असते, आणि पंधरा किलोच्या डब्यात १५ ÷ ०.९१ = जवळपास १६.४८ लिटर. दोन्ही डबे 'पंधराचे' असले, तरी त्यांच्यात १ किलो ३५० ग्रॅमचा फरक आहे. आता दर किलोवर आणून पाहा. २,१०० रुपयांचा डबा १३.६५ ने भागला, की किलोला जवळजवळ १५४ रुपये पडतात. २,२५० रुपयांचा डबा पंधराने भागला, की १५० रुपये. जो डबा मी स्वस्त म्हणून आणला, तो किलोमागे चार रुपयांनी महाग होता. सहा डब्यांत मिळून ८ किलो १०० ग्रॅम तेल कमी आले आणि ते ऐन गर्दीत फुटकळ दराने आणावे लागले.

तेव्हापासून मी किलोचा आणि लिटरचा दर एका ओळीत लिहीत नाही. आधी सगळे वजनावर आणते आणि मगच तुलना करते. तुलना वजनावरच का, याचेही कारण आहे. तेल तापले की फुगते आणि थंड झाले की आकसते. त्याचे आकारमान बदलते, वजन मात्र तेवढेच राहते.

'०.९१' या आकड्यावर नुसता विश्वास ठेवण्यापेक्षा घरी पडताळा घ्यावा, म्हणून केलेला प्रयोगही सांगते. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या मापात ५०० मिलिलिटरच्या रेषेपर्यंत तेल भरले. रिकामे माप आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला होता. तेलाचे वजन भरले ४५२ ग्रॅम. ४५२ ला ५०० ने भागले तर ०.९०४ येते, जे अपेक्षेपेक्षा कमी होते. मग शंका आली, की मापाची रेषाच चुकीची असेल. माप धुऊन, कोरडे करून त्याच रेषेपर्यंत पाणी भरले, तर ४९४ ग्रॅम भरले. तीस अंशाच्या आसपास एक मिलिलिटर पाण्याचे वजन ०.९९६ ग्रॅम असते, म्हणजे खरे ५०० मिलिलिटर पाणी ४९८ ग्रॅम भरायला हवे होते. माझ्या मापाची '५००' ची रेषा प्रत्यक्षात ४९६ मिलिलिटरची होती. ४५२ ला ४९६ ने भागले आणि ०.९११ आले.

यातून एक सोयीची गोष्ट कळली. ज्यावर एकही रेषा नाही असा साधा तांब्याही या कामाला चालतो. तो काठोकाठ पाण्याने भरून वजन करावे, मग कोरडा करून तितकाच काठोकाठ तेलाने भरून वजन करावे, आणि तेलाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागावे. जो आकडा येईल ती त्या तेलाची पाण्याशी तुलना केलेली घनता. घरगुती हिशेबाला तेवढी अचूकता पुरेशी आहे.

दूध, मध, तूप, औषधे, इंधन, फवारणीची औषधे अशा ज्या द्रवांशी आपला रोजचा संबंध येतो, त्यांच्याबाबत आपापला अनुभव जरूर लिहावा.

पहिलीच_फोडणी:

रानजाई ताई, धागा चांगला काढलात. मला एक प्राथमिक शंका आहे. शाळेत आम्हाला 'एक लिटर म्हणजे एक किलो' असेच शिकवले होते आणि आजवर मी स्वयंपाकात सगळीकडे तेच वापरत आले. ते चुकीचे शिकवले होते का?

प्रयोगवही:

चुकीचे शिकवले नव्हते. अर्धे वाक्य गळले होते. पूर्ण वाक्य असे आहे: एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, आणि 'पाणी' हा शब्द वाक्यातून गळतो कसा हे दरवर्षी वर्गात पाहतो.

पाण्याचा आणि किलोग्रॅमचा हा मेळ योगायोगाने जुळलेला नाही, तो मुद्दाम जुळवलेला आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅमची व्याख्या करताना बर्फ वितळण्याच्या तापमानाचे एक घन सेंटिमीटर पाणी हाच आधार घेतला होता. पुढे १९०१ साली लिटरची व्याख्या उलट बाजूने केली गेली: ज्या तापमानाला पाणी सर्वांत दाट असते, त्या सुमारे चार अंश सेल्सिअसला एक किलोग्रॅम शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापते ते एक लिटर. अचूक मोजणी झाल्यावर मात्र असे दिसले, की हा लिटर एक हजार घन सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा, म्हणजे १,०००.०२८ घन सेंटिमीटरचा भरतो. बाजारात या फरकाला काहीच अर्थ नाही, पण प्रयोगशाळेत दोन वेगळी मापे एकाच नावाने फिरू लागली. शेवटी १९६४ साली ती व्याख्या रद्द करून लिटर म्हणजे नेमका एक घन डेसिमीटर, असे पुन्हा ठरवण्यात आले. तेव्हापासून लिटर ही निव्वळ जागेची मोजणी आहे आणि तिचा कोणत्याही पदार्थाच्या वजनाशी संबंध उरलेला नाही.

विद्यार्थ्यांचा गोंधळ सूत्रात नसतो, गुणायचे की भागायचे यात असतो. वजन म्हणजे आकारमान गुणिले घनता, हे पाठ असते. तरीही किलोवरून लिटर काढताना हात गुणाकाराकडे जातो. त्यासाठी मी त्यांना उत्तर काढण्याआधी एक प्रश्न विचारायला लावतो: हा द्रव पाण्यात तरंगतो की बुडतो? तेल तरंगते, म्हणजे ते हलके आहे, म्हणजे एक किलो तेलाला एका लिटरपेक्षा जास्त जागा लागायलाच हवी. उत्तर एकापेक्षा कमी आले, तर गणित उलटे झाले आहे. मध बुडतो, म्हणून त्याचे उलट.

पहिलीच_फोडणी, तुमच्या स्वयंपाकासाठी तीन आकडे देतो. २४० मिलिलिटरचा कप धरला, तर त्यात तेल सुमारे २१८ ग्रॅम, दूध सुमारे २४७ ग्रॅम आणि मध सुमारे ३४० ग्रॅम मावतो. परदेशी पद्धतीच्या केकच्या कृतीत २०० ग्रॅम तेल लिहिले असेल आणि तुमच्याकडे फक्त माप असेल, तर २२० मिलिलिटर घ्यावे.

पहिलीच_फोडणी:

मधाचा आकडा पाहून आश्चर्य वाटले. मी ५०० ग्रॅमची बाटली 'अर्धा लिटर' समजून वापरत होते.

प्रयोगवही:

मधाची घनता सुमारे १.४२ असल्यामुळे त्या बाटलीत ३५० मिलिलिटरच्या आसपासच मध असतो. बाटली लहान दिसते, पण वजन बरोबर असते.

चरवी:

दुधाबद्दल मी लिहितो. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि वजन-मापाच्या या फरकावरून सर्वांत जास्त वाद जर कुठे होत असतील तर ते दुधाच्या काट्यावर होतात.

दूध पाण्यापेक्षा जड असते. गायीच्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३०, म्हशीच्या दुधाची त्याहून किंचित जास्त. व्यवहारात एक लिटर दूध म्हणजे १.०३ किलो, हे गुणोत्तर सर्वत्र वापरले जाते. चाळीस लिटरच्या भरलेल्या कॅनमध्ये त्यामुळे ४१ किलो २०० ग्रॅम दूध असते, आणि आपण घरी घेतो त्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत सुमारे ५१५ ग्रॅम.

पूर्वी केंद्रावर लिटरची मापे असत. धारेचे ताजे दूध फेसाळलेले असते आणि माप काठापर्यंत भरले तरी त्यात वरचा काही भाग फेसाचा असतो. माप घालणारा फेस बसू देतो की नाही, माप सरळ धरतो की कलते, यावर रोज कुरबूर व्हायची. काट्याने ती अडचण दूर केली, कारण फेसाला वजन जवळजवळ नसतेच. परंतु काटा वजन करतो आणि दर मात्र लिटरचा असतो, म्हणून काट्याच्या आतच १.०३ चा भागाकार बसवता येतो. बादलीत २०.६ किलो दूध असेल, तर पडद्यावर २० लिटर दिसते. यात गैर काहीच नाही, जर दरही लिटरचाच असेल. दर किलोचा आणि आकडा लिटरचा, असे झाले तर दूध घालणाऱ्याचे शंभराला जवळपास तीन कमी होतात. दर लिटरचा आणि आकडा किलोचा असेल तर संस्थेचे तेवढेच जास्त जातात. म्हणून डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी विचारून घ्यावे, की पडद्यावरचा आकडा किलोचा आहे की लिटरचा, आणि पावतीवरचा दर कशाचा आहे. शंका असेल, तर पाणी भरलेली बादली आधी साध्या वजनकाट्यावर आणि मग दुधाच्या काट्यावर ठेवून पाहावी. साध्या काट्यावर दहा किलो भरलेले पाणी दुधाच्या काट्यावर ९.७१ दिसले, तर आत १.०३ चा भागाकार चालू आहे, हे निश्चित समजावे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या आकडेवारीतही हा भेद पाळलेला दिसतो. सहकारी संघांचे दूध संकलन दिवसाला इतके हजार किलो असे दिले जाते, आणि पिशवीतल्या दुधाची विक्री दिवसाला इतके हजार लिटर अशी. ते दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करणाऱ्याने आधी १.०३ ची आठवण ठेवली पाहिजे.

आता लॅक्टोमीटर. केंद्रावर ज्याला 'डिग्री' म्हणतात, ती दुसरे-तिसरे काही नसून घनताच आहे. डिग्री २८ लागली म्हणजे घनता १.०२८. पाणी मिसळले की डिग्री उतरते, हे सगळ्यांना माहीत असते. मलई काढली की डिग्री चढते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण दुधातला सर्वांत हलका भाग म्हणजे स्निग्धांश, आणि तो काढून घेतला की उरलेले दूध जड होते. त्यामुळे मलई काढून पाणी घातलेल्या दुधाचीही डिग्री पुन्हा २८-३० वर आणता येते. एकट्या लॅक्टोमीटरवर दुधाची परीक्षा होत नाही ती यामुळेच. फॅट आणि डिग्री दोन्ही घेऊन मग एस.एन.एफ. (स्निग्धांश वगळून दुधातले घन पदार्थ) काढावा लागतो. शिवाय लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानासाठी आखलेला असतो. धारेच्या कोमट दुधात आणि फ्रीजमधल्या दुधात तो वेगवेगळी डिग्री दाखवतो, दूध तेच असले तरी.

रानजाई:

चरवी दादा, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बादलीभर पाण्याने काटा पारखण्याची युक्ती माझ्या तांब्याच्या प्रयोगाचीच सख्खी बहीण निघाली.

पहिलीच_फोडणी:

तापमानाचा मुद्दा दोघांनीही मांडला, पण घरगुती तेलाच्या बाबतीत तो खरोखर एवढा महत्त्वाचा आहे का? उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात असा किती फरक पडणार?

रानजाई:

घरच्या फोडणीत पडत नाही. बाजारात मात्र तो इतका पडला, की केंद्र सरकारला त्यावर सूचना काढावी लागली. तेलाच्या पाकिटावर निव्वळ मात्रा लिटरमध्ये लिहिताना ती कोणत्या तापमानाची आहे, हेही छापण्याची पद्धत पडली होती, आणि काही उत्पादक त्या जागी ६० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान लिहीत होते. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दिलेले उदाहरण सोयाबीन तेलाचेच होते: २१ अंशाला एक लिटर तेलाचे वजन ९१९ ग्रॅम, आणि ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. म्हणजे पाकिटावर 'एक लिटर' हे दोन शब्द तेच राहतात आणि आतले तेल सव्वीस ग्रॅमने कमी होते. आपल्या घरात तेल कधीही साठ अंशाला ठेवलेले नसते, त्यामुळे त्या पाकिटातले तेल आपल्या ओट्यावर एक लिटर भरतच नाही. म्हणून तापमानाचा उल्लेख न करता मात्रा लिहावी आणि लिटरसोबत वजनही छापावे, असे उत्पादकांना सांगण्यात आले आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत देण्यात आली.

त्या दोन आकड्यांवरूनच दर अंशाचा फरक काढता येतो. एकोणचाळीस अंशांत २६.४ ग्रॅम, म्हणजे अंशाला साधारण ०.६८ ग्रॅम. त्या हिशेबाने तीस अंशाला एक लिटर तेल ९१३ ग्रॅमच्या जवळ येते, आणि माझ्या मापातून आलेला ०.९११ हा आकडा त्याला बऱ्यापैकी जुळतो. हे जुळलेले पाहून मला जो आनंद झाला तो वहीत लिहून ठेवण्यासारखा होता.

पाकिटाबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे आता पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमची, किलोची, मिलिलिटरची किंवा लिटरची किंमत छापलेली दिसते. ठरावीक आकाराचीच पाकिटे काढण्याचे बंधनही उठल्यामुळे लिटरच्या पाकिटासारखीच दिसणारी, पण त्याहून कमी मात्रेची पाकिटे फळीवर शेजारीशेजारी असतात. अशा वेळी एकक किंमत फार उपयोगी पडते. पण एका पाकिटावर ती लिटरची आणि दुसऱ्यावर किलोची असेल, तर सरळ तुलना पुन्हा फसते. लाकडी घाण्याच्या तेलाच्या बाबतीत हे हमखास होते, कारण घाण्यावर दर किलोचा सांगतात आणि तेच तेल बाटलीत भरले की लिटरने विकले जाते. लिटरच्या दराला ०.९१ ने भागले, की किलोचा दर मिळतो. शेंगदाणा तेलाची बाटली लिटरला २७३ रुपये असेल, तर तो दर किलोला ३०० रुपये झाला.

शिवारफेरी:

शेतकऱ्यांसाठी यातला सर्वांत उपयोगाचा मुद्दा फवारणीच्या औषधांचा आहे, म्हणून लिहितो. कापसावर मावा-तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे '१७.८ टक्के एसएल' (एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारे द्रावण) या नावाने मिळते. त्याच औषधाला काही जण '२०० एसएल' म्हणतात. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याला वाटले, की दुसरे औषध वीस टक्क्यांचे, म्हणजे अधिक जहाल आहे, म्हणून त्याचे प्रमाण कमी घ्यावे. प्रत्यक्षात दोन्ही एकच आहेत. १७.८ टक्के हे वजनाला वजन आहे, म्हणजे शंभर ग्रॅम द्रावणात १७.८ ग्रॅम मूळ औषध. २०० हा आकडा वजनाला आकारमान आहे, म्हणजे एका लिटर द्रावणात २०० ग्रॅम मूळ औषध. त्या द्रावणाची घनता सुमारे १.१२ असल्यामुळे एक लिटर द्रावण १,१२० ग्रॅम भरते, आणि त्याचे १७.८ टक्के म्हणजे जवळजवळ २०० ग्रॅम. घनता मध्ये घातली, की दोन आकडे एक होतात.

म्हणून बाटलीवरची टक्केवारी वाचताना ती वजनाची आहे की आकारमानाची, हे आधी पाहावे. फवारणीचे प्रमाण मिलिलिटरमध्ये सांगितले असेल तर मापानेच घ्यावे, ग्रॅममध्ये सांगितलेली पावडर मात्र वजन करूनच घ्यावी. पावडरीला 'एक टोपण' हे माप लावू नये, कारण टोपणात किती ग्रॅम बसेल, हे पावडर किती दाबली गेली यावर ठरते.

पहिलीच_फोडणी:

मुलांच्या तापाच्या औषधाचेही असेच असते का? डॉक्टर मिलिग्रॅममध्ये सांगतात आणि आपण चमच्याने देतो.

प्रयोगवही:

तिथे घनतेचा संबंध नाही, आणि हा भेद जपणे फार आवश्यक आहे. औषधाच्या पातळ रूपात महत्त्वाचे असते ते विरघळलेल्या औषधाचे प्रमाण. पॅरासिटामॉलचे एक सिरप पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचे असते, दुसरे पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅमचे, आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे. तिन्ही बाटल्या दिसायला सारख्या असू शकतात. त्यामुळे बाटली बदलली, की मिलिलिटरचा आकडा बदलतो. घरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचेच माप वापरावे आणि शंका असल्यास औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शिवारफेरींचा मुद्दा वाचून मला वर्गात नेहमी सांगतो तो प्रसंग आठवला. तो इथे लिहिणे योग्य वाटते, कारण एक चुकीचा गुणक काय करू शकतो, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोईंग ७६७ जातीचे विमान माँट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटनला निघाले होते. कॅनडा त्या काळात जुन्या मापांकडून मेट्रिक मापांकडे वळत होता आणि हे नवे विमान किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारे होते. विमानातील इंधनदर्शक बिघडलेला असल्यामुळे टाकीच्या मोजपट्टीने इंधन मोजावे लागले. टाकीत ७,६८२ लिटर इंधन होते आणि प्रवासाला २२,३०० किलो हवे होते. आता लिटरचे किलो करायचे. एक लिटर विमान-इंधनाचे वजन ०.८०३ किलो होते. परंतु नेहमीच्या सवयीचा गुणक होता १.७७, जो एका लिटरचे वजन पौंडांत सांगतो. ७,६८२ ला १.७७ ने गुणून १३,५९७ हा आकडा आला आणि तो पौंडांचा असूनही किलोचा समजला गेला. उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१७ लिटर इंधन भरले गेले. खरे पाहता २०,०८८ लिटर भरायला हवे होते. विमान निघाले तेव्हा त्यात सुमारे १०,१०० किलो इंधन होते, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी.

सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंधन संपू लागले आणि दोन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अवाढव्य विमान इंजिनांविना तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाईतळाच्या धावपट्टीवर उतरवले. विमानातील ६९ जणांपैकी कोणाचाही प्राण गेला नाही.

मी मुलांना हे गणित फळ्यावर करायला लावतो आणि मग विचारतो, की केवळ आकड्याकडे पाहून चूक कुठे पकडता आली असती? दर वर्षी एखादी मुलगी किंवा मुलगा उत्तर देतोच: इंधन पाण्यापेक्षा हलके असते, मग लिटरपेक्षा किलोचा आकडा मोठा कसा? ७,६८२ लिटरचे किलो ७,६८२ पेक्षा कमीच असायला हवेत. तरंगते की बुडते, एवढाच प्रश्न.

शिवारफेरी:

इंधनाचा विषय निघाला म्हणून थोडी भर घालतो. पेट्रोल पंपावर दिवसाची घनता लिहिलेली असते, तिचा अर्थ मी एकदा पंपावरच्या व्यवस्थापकांकडून समजून घेतला होता. काचेच्या उभ्या नळ्यात नमुना घेऊन त्यात हायड्रोमीटर (घनता मोजणारे उपकरण) आणि तापमापक सोडतात, दोन्ही आकडे वाचतात आणि तक्त्यावरून १५ अंश सेल्सिअसची घनता काढतात. टँकरच्या चलनावरील घनतेशी ती घनमीटरला तीन किलोपर्यंतच्या फरकाने जुळायला हवी. लिटरने विकल्या जाणाऱ्या मालाची शुद्धता अशी वजनाच्या आधाराने तपासली जाते. पेट्रोल दहा अंशांनी तापले, की सुमारे एक टक्का फुगते, पण टाक्या जमिनीखाली असल्यामुळे दिवसभरात त्यातील तापमान फारसे हलत नाही.

घरगुती गॅस तर आपण वजनानेच घेतो. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि सिलिंडरची आतली जागा ३३.३ लिटर असते. तो द्रवरूप गॅस तापल्यावर खूप फुगतो, त्यामुळे वर मोकळी जागा ठेवावीच लागते, आणि 'सिलिंडर भरून द्या' असे आकारमानाने म्हणता येत नाही.

चरवी:

जुन्या माणसांना हा गोंधळ नवा नव्हता, असे मला वाटते. माझी आजी धान्य मापाने मोजत असे: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पण तिला मापाचा शेर आणि वजनाचा शेर हे वेगळे असतात, हे पक्के ठाऊक होते. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन वेगळे भरणार, हे तिला कोणी घनतेच्या सूत्राने शिकवले नव्हते. १९५६ च्या कायद्यानंतर किलो आणि लिटर आले आणि वजनाला एक नाव, मापाला दुसरे नाव मिळाले. नावे वेगळी झाल्यावरही आपण दोन्ही एकच समजू लागलो, याचे मला वाईट वाटते.

रानजाई:

चरवी दादा, आजींची ही गोष्ट मी आमच्या गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

यंदाच्या दिवाळीसाठी दर मागवताना मी चिठ्ठीचा मजकूरच बदलला आहे. आता आम्ही लिहितो: 'सोयाबीन तेल, निव्वळ वजन १५ किलो, रिकाम्या डब्याचे वजन सोडून, दर प्रतिकिलो कळवावा.' चार दुकानदारांपैकी तिघांनी त्याच पद्धतीने दर कळवले. चौथ्यांनी लिटरचाच दर दिला, पण त्यासमोर '१३.६५ किलो' असे स्वतःहून लिहिले. डबे उतरवून घेताना प्रत्येक डबा काट्यावर ठेवायचा, हेही ठरले आहे.

पहिलीच_फोडणी:

शेवटचा एक प्रश्न विचारते. आईने घरी कढवलेले एक किलो तूप उद्या माझ्याकडे येणार आहे. माझ्याकडे एक लिटरची काचेची बरणी आहे. त्यात ते मावेल ना?

रानजाई:

मावणार नाही. पातळ तूप लिटरला सुमारे ९०५ ग्रॅम भरते, म्हणून एक किलोला १.१ लिटरहून थोडी जास्त जागा लागेल, आणि गरम ओतलेत तर आणखी थोडी. दीड लिटरची बरणी असेल तर ती घ्या, नाहीतर उरलेले शंभर ग्रॅम वेगळ्या वाटीत काढून आधी तेच संपवा.